गाळलेल्या जागेतली टिचकी

"माझ्या सासूबाई रोज दुपारी इंग्रजीचा तास घेतात," ती म्हणाली. "त्यांना जाऊन सहा महिने झाले."

भावोजींच्या हातातला कप तोंडाशी जाता जाता थांबला.

घारी मात्र बाळाकडे बघत होती. चारेक महिन्यांचं असेल. आईच्या ओढणीचं टोक मुठीत गच्च धरून झोपलं होतं. आईच्या डोळ्यांत मात्र कित्येक रात्रींची झोप साचलेली.

"नीट सांगा," घारी म्हणाली. डोळे घारे म्हणून घारी. गुप्तहेरगिरीच्या धंद्यातही तेच नाव चाललं होतं. भावोजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्त झाल्यापासून तिच्या मदतीला येत, आणि बहुतेक वेळा चहालाच मदत करत.

"वरच्या खोलीत त्यांचा क्लास होता. गेल्यापासून बंद आहे, कुलूप आहे. दुपारी मी बाळाला पाजत असते आणि वरून त्यांचा आवाज येतो. 'ए' कधी लावायचा, 'द' कधी, आणि काहीच कधी लावायचं नाही, तोच धडा. वाक्य म्हणतात, मध्ये जागा सोडतात, थांबतात, मग 'शाबास'. कधीकधी त्या थांबण्यात टक्‌ असा आवाज होतो. मग 'शाबास'."

"टेप असेल," भावोजी म्हणाले.

"काल त्या म्हणाल्या, देअर इज ए बेबी इन द हाउस. द बेबी इज स्लीपिंग." तिने बाळाकडे पाहिलं. "बाळ खरंच झोपलं होतं. पण माझं बाळ त्यांनी पाहिलंच नाही हो. त्या गेल्यावर जन्मलंय ते."

भावोजींनी कप खाली ठेवला.

"वर गेलात?" घारीने विचारलं.

"गेले. दोन्ही हातांनी दार बडवलं, ओरडले. आवाज थांबला नाही की अडखळला नाही. दुपारी यजमान आणि नणंद कामावर. सासरे जेवून फिरायला जातात. ऐकणारी मी एकटीच. आता घरचे म्हणतात, बाळंतपणात डोकं फिरलं. रविवारी मला माहेरी पाठवणार. बाळ इथेच ठेवणार, नणंदेजवळ." तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं. "अंगावर पितं हो अजून."

घारी उठली. "चला."

पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. घरात नणंदच आधी भेटली. पलंगावर एक बॅग उघडी होती आणि ती वहिनीच्या साड्या घड्या करून भरत होती.

"घाई झालेली दिसते," घारी म्हणाली.

"वहिनीला विश्रांती हवी. आणि तुमच्यासारख्यांना बोलावण्याइतकी मजल गेली, म्हणजे बघा." तिने एक साडी आपटली. "बाबांसमोर हे काही काढू नका. आईचं नाव निघालं की ते जेवत नाहीत. त्यांना एवढंच सांगितलंय, वहिनीला अशक्तपणा आलाय."

"तुम्ही आईच्या क्लासात होतात?"

"मी आणि दादा, दोघंही. कुणाची सुटका होती!" ती नकळत हसली. "गाळलेली जागा आली की मोठ्याने ओरडायचं. पण जिथे काहीच लागत नाही, तिथे सगळे गप्प. मग आईला कळेना, येतंय म्हणून गप्प, की येत नाही म्हणून. तेव्हा तिने नियम केला. काही नको असेल तिथे बाकावर टिचकी मारायची."

सुनेचा नवरा त्यांना वरच्या दारापाशी घेऊन गेला. कुलपावर धूळ होती. ते उघडून त्याने आतले बाक, फळा, कपाट दाखवलं. "हिने पहिल्यांदा सांगितलं त्याच संध्याकाळी मी सगळं बघितलं. टेपरेकॉर्डर आहे, पण कधीचा कुणी वापरत नाही."

"आणि ते पलीकडचं दार?"

"मुलांचं. बाहेरच्या लोखंडी जिन्याने यायची. तेही बंद. त्याची किल्ली आईच्या आजारपणात हरवली."

घारी खाली उतरून त्या जिन्यापाशी गेली. उजव्या कठड्यावर धुळीचा थर होता. डावा कठडा लख्ख. भावोजींनी उगाच उजव्या कठड्याला हात लावला आणि विजारीला पुसला.

सासरे अंगणात आरामखुर्चीत होते. सुनेने बाळाला त्यांच्या खांद्यावर दिलं, तशी त्यांच्या कानातल्या यंत्राने बारीक शिट्टी मारली. बाळ दचकलं. म्हाताऱ्याने घाईने यंत्र काढून खिशात टाकलं.

"काहीही जवळ नेलं की बोंबलतं मेलं," ते जरा मोठ्यानेच म्हणाले. घारीने दोनदा नमस्कार म्हटलं. ते बाळाच्या जावळावरून हात फिरवत राहिले. यंत्र परत घातल्यावर तिने विचारलं, "बाईंनी तुम्हालाही इंग्रजी शिकवलं असेल?"

"छे हो! सगळ्या गल्लीला शिकवलं. दिव्याखाली अंधार."

जरा बाजूला होऊन भावोजी कुजबुजले, "नणंदच. साड्या कशा कोंबत होती बघितलंस? हिला घाबरवायचं आणि बाळ पळवायचं."

"भावोजी, तुम्ही कुणाला भूत होऊन घाबरवताय आणि तो माणूस दारावर धडका मारू लागला, तर काय कराल?"

"पळेन!"

"निदान बंद तरी कराल. इथे आवाज अडखळलासुद्धा नाही."

घारीने सगळ्यांना अंगणातच बसवलं. सासऱ्यांसमोर स्टूल ओढून ती स्पष्ट, सावकाश म्हणाली, "देअर इज… बेबी इन द हाउस."

सासऱ्यांचे ओठ हलले.

"शी ड्रिंक्स… मिल्क."

खुर्चीच्या हातावर त्यांच्या बोटाची टिचकी पडली. टक्‌.

नवरा आणि नणंद वडिलांकडे बघतच राहिले.

"वर भूत नव्हतं, विद्यार्थी होता," घारी म्हणाली. "तुमच्या आईने या टेपा एकाच माणसासाठी भरल्या. म्हणून त्यात पोरांचा गलका नाही, नुसती मोकळी जागा आहे. 'शाबास' टेपेतलं, बाकी उत्तरं ओठांतल्या ओठांत, टिचकी मात्र आजची, जिवंत माणसाची. काका फिरायला म्हणून निघतात आणि मुलांच्या जिन्याने वर जातात. चढताना हाताला आधार लागतो, म्हणून एक कठडा स्वच्छ. कानातलं यंत्र टेपजवळ शिट्टी मारतं, म्हणून ते काढून आवाज मोठा करतात. मग दार बडवलेलं ऐकू येणार कसं? आणि सून घाबरते हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. त्यांना जपण्यासाठी."

म्हाताऱ्याने खिशातून किल्ली काढली.

"एकदा मी डब्यावरचं इंग्रजी वाचलं, तर ही दोघं पोट धरून हसली होती. मग कशाला सांगू? सूनबाईला दिवस गेले तेव्हा ह्यांच्या आईला म्हटलं, नातवंड उद्या पुस्तक घेऊन येईल, मी कोरा राहायला नको. तिला ठाऊक होतं, धडा पुरा व्हायच्या आत आपण संपणार. म्हणून भरून ठेवलं." ते सुनेकडे वळले. "बाळ बघायला मिळणार नाही, निदान वाक्यात तरी असू दे, म्हणाली. पोरी, तू वर आली होतीस? मला कुणी बोललं नाही गं."

सुनेने त्यांच्या पायाशी बसून ओढणीत तोंड लपवलं. खूप वेळाने रडू ओसरलं, तेव्हा तिने बाळ परत आपल्याकडे घेतलं.

नणंद आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला; साड्या परत जागेवर जात होत्या.

नवऱ्याने बाळासाठी हात पुढे केले. "चुकलं माझं."

ती मागे सरली. "थांबा. मावशींना सांगितलंत, माझ्या बाबांना सांगितलंत, शेजारच्या काकूंनाही सांगितलंत, हिला वेड लागलंय म्हणून. त्यांना एकेक करून फोन लावा. इथे, माझ्यासमोर. मग बाळ घ्या."

"आत्ता?"

"आत्ता. पहिला माझ्या बाबांना."

त्याने बायकोकडे पाहिलं, बहीण गेली त्या दाराकडे पाहिलं, आणि नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजत राहिली.

"हॅलो, बाबा," तो अखेर म्हणाला. "तुमची मुलगी बरी आहे. ती खरंच बोलत होती. आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही."