गुलालाचा सांगाडा

शेडमधल्या त्या मोकळ्या कोपऱ्याबद्दल तुम्ही विचारलंत, म्हणून सांगतो. तिथं मी एक गाडी बांधत होतो. मोटारीमागं जोडायची, आत झोपायची, मन लागेल तिथं मुक्काम टाकायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, आयुष्यभर दुसऱ्यांच्या ट्रॉल्या जोडल्या, एक आपल्यासाठी जोडली तर काय बिघडतंय? शिवाय संयोगिताच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. बायको हातची जाता जाता राहिली होती. डॉक्टर म्हणाले, आता मोकळ्या हवेत न्या.

नवं लोखंड विकत घेणं आम्हा उद्यमनगरवाल्यांना कमीपणाचं वाटतं. भंगारवाल्या शिवय्याकडं चाकांसकट एक जुना सांगाडा मिळाला. एक माणूस ऐसपैस झोपेल एवढा. मी तो दोघांपुरता वाढवायला घेतला. पाइप कापला, तसा आतून भुरुभुरु गुलाल सांडला. त्यात दोन-चार लाह्याही होत्या. शेडभर जुन्या झेंडूचा वास पसरला.

"जोतिबाच्या यात्रेतली गाडी असणार की ही!" मी हरखलो. कोल्हापूरच्या माणसाला गुलाल दिसला की दुसरं काही सुचतच नाही. तो सगळा मी डबीत भरून ठेवला.

मग प्लायवूडच्या भिंती उभ्या केल्या, वर पत्रा, मागं शेगडीपुरता ओटा, आत जाड गादी. निघायच्या दिवशी सकाळी नारळ फोडला आणि त्याच गुलालाची चिमूट संयोगिताच्या कपाळी लावली.

आंबा घाटाच्या दिशेनं निघालो. उसाच्या कडेला उभ्या एका म्हाताऱ्यानं आम्हाला बघून टोपी काढली, हात जोडले. पुढं सायकलवरचा एकजण खाली उतरला. त्यानंही जोडले.

"तुमच्या कारागिरीला नमस्कार करायल्यात बघा," संयोगिता हसली. मीही फुगलो, खोटं कशाला बोलू?

मलकापुरात चहाला थांबलो. भरदुपार असूनही धुकं रस्त्यावर उतरलं होतं. आमची गाडी थांबली आणि टपरीवरचं बोलणं बंद झालं. कुणीतरी उठून रेडिओ बंद केला. मी उतरून चहा सांगितला. टपरीवाली म्हातारी, बायडाबाई, ग्लास घेऊन बाहेर आली आणि अगदी हळू म्हणाली,

"पावणं... कोन गेलं वो?"

"कोण न्हाय, मावशी. फिरायला चाललोय. मागची गाडी मोकळीच हाय."

"मोकळी...?"

तिनं मागच्या गाडीकडं बघितलंच नाही. ती मोटारीत बसलेल्या संयोगिताकडं बघत होती. मग तिनंही हात जोडले.

आणि मला त्या लाह्या आठवल्या. जोतिबावर गुलालाबरोबर खोबरं उधळतात. गुलालाबरोबर लाह्या उधळतात त्या अंत्ययात्रेत. एक माणूस झोपेल एवढा सांगाडा... शिवय्याकडनं मी शववाहिका उचलून आणली होती, आणि तिच्यातला गुलाल माझ्या हातानं बायकोला लावला होता.

रुमाल ओला करून मी तिचं कपाळ पुसलं. पुन्हा पुन्हा पुसलं.

"अवं, काय झालं...?"

"काय न्हाय. धुकं वाढलंय. घरी जाऊया."

परतीच्या वाटेवरही कडेला हात जुळत होते. मी फक्त रस्ता बघत राहिलो.

सांगाड्याचे तुकडे करून मी ते ओळखीच्या फौंड्रीत, माझ्या डोळ्यांसमोर वितळवून घेतले. डबी पंचगंगेत सोडली. नंतर संयोगिताची तपासणी झाली. हृदय अगदी ठणठणीत आहे, असं डॉक्टर म्हणाले. मी गल्लीभर पेढे वाटले. आता कुणी तिला बघून हात जोडत नाही, मी मुद्दाम लक्ष ठेवून असतो.

आज सकाळी मी घराच्या पुढच्या सोप्यात पेपर वाचत बसलो होतो. ती न्हाऊन, ओल्या केसांनी चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"अवं... मला का हात जोडल्यात?"

मी खाली बघितलं. पेपर फरशीवर पडला होता.