मागे सरकणारा दांडा

अशा गोष्टी अंधारातच घडतात असे मानणाऱ्यांनी ही ऐकावी. ही भर दुपारी घडली, उघड्या अंगणात, आणि जिच्यामुळे घडली ती वस्तू म्हणजे एक जुना ट्रक होता.

मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन फाटकापाशी आला तेव्हा अडीच वाजले होते. काम साधे होते. ट्रकचा सेल्फ फिरत होता, पण इंजिन चालू होत नव्हते. तीस वर्षांत अशी कामे त्याने शेकड्यांनी केली होती. तरीही फाटकाच्या कडीवर हात ठेवून तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. ट्रक ओळखीचा होता, आणि आठ महिने मिस्त्री या रस्त्याला फिरकला नव्हता.

आठ महिन्यांपूर्वी याच ट्रकचा मालक उतारावरून खाली येताना ट्रकसकट खोल खड्ड्यात कोसळून मेला. ट्रक तो स्वतःच चालवीत असे. चौकशी झाली. अधिकाऱ्याने ब्रेकच्या पाइपवरचा नट पाहिला. त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका होता. नट पुरता आवळल्यावरच ठिपका द्यायचा, ही मिस्त्रीची रीत सगळ्या गावाला ठाऊक होती. ट्रक कोसळताना पाइप तुटला, दोष चालवणाऱ्याचा, असा निकाल झाला. पुढे लोकांनी त्यात आपली भर घातली. पिऊन चालवीत असणार, असे म्हणू लागले.

खरे असे होते की, त्या दिवशी मिस्त्रीने ठिपका आधी दिला होता. प्रार्थनेची वेळ टळत होती. ठिपका देऊन ठेवावा, परत आल्यावर नट आवळावा, असा त्याचा हिशेब. तो परत आला तेव्हा ठिपका पाहून, काम झाले असे समजून, मालक ट्रक घेऊन निघून गेला होता. चौकशीत विचारले तेव्हा मिस्त्री म्हणाला, "ठिपका आहे ना? मग आवळलेला होता." त्या संध्याकाळी प्रार्थनेत तो पहिल्या रांगेत होता.

हे त्याला ठाऊक होते आणि देवाला. तिसऱ्या कोणाला ठाऊक नसावे, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

"या मिस्त्री, या!" मालकाचा धाकटा भाऊ केबिनमधून ओरडला. "बाईसाहेब रुसल्यात. ब्रेकचा पाइप मीच बदलला, आता आठवडाभर चावी फिरवतोय, नुसत्या खोकतात. औषध द्या, नाहीतर मंतर मारा."

"बॅटरी?"

"नवी कोरी."

"चौकात दोन-दोन मिस्त्री बसतात. मला कशाला बोलावलंस?"

"मी त्यांनाच आणत होतो. वहिनी अडून बसली. म्हणाली, त्यांनीच शेवटचा हात लावलाय, त्यांनाच बोलवा." तो हसला. "आता आणा म्हटल्यावर आणलं. उद्यापासून मीच चालवणार आहे ना."

वहिनी पायरीवर बसली होती. मांडीवर ट्रकची ताडपत्री, हातात दाभण. तिने मान वर केली, मिस्त्रीकडे पाहिले आणि पुन्हा टाका घातला. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला बरे वाटले असते.

हिला कळले आहे का? कोणी सांगितले? की नुसताच अंदाज?

त्याने बॉनेट उघडले. आतून डिझेलचा, गंजाचा आणि कोंडलेल्या मातीचा वास आला. खड्ड्यातली माती अजून कोपऱ्यांत वाळून चिकटली होती.

"मार सेल्फ."

इंजिन जोमाने फिरले, पण पकडले नाही. मिस्त्रीने मागे जाऊन पाहिले. नळीतून धुराची रेघही नव्हती. धूर नाही म्हणजे डिझेल पोचत नाही. टाकी अर्धी भरलेली होती. त्याने फिल्टरचा स्क्रू सैल केला, हातपंप दाबला. पाइपातली हवा बुडबुडत बाहेर पडली आणि मागून स्वच्छ डिझेल आले. स्क्रू आवळला. पुन्हा सेल्फ. पुन्हा तेच. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलचा पाइप सोडून पाहिला, तो कोरडा. डिझेल पंपापर्यंत येते, पुढे जात नाही.

मग त्याला दांडा दिसला.

अशा जुन्या इंजिनात पंपाच्या बगलेला बोटभर लांबीचा एक दांडा असतो. केबिनमधली मूठ ओढली की तार त्याला मागे खेचते, डिझेल तुटते आणि इंजिन बंद पडते. दांडा पुरता मागे होता.

"अरे शहाण्या," मिस्त्री म्हणाला, आणि छातीवरचे ओझे एकदम हलके झाले, "बंद करायची मूठ ओढून ठेवलीस, मग चालू कशी होणार?"

"मूठ आतच आहे की."

मिस्त्रीने केबिनमध्ये डोकावले. मूठ आत होती. तार अडकली असेल, असे म्हणून त्याने परत येऊन दांडा बोटाने पुढे ढकलला. तो सहज सरकला.

"मार."

इंजिन फिरले. मिस्त्रीच्या डोळ्यांदेखत दांडा हळूहळू मागे आला आणि टेकला.

"मूठ ओढू नकोस रे!"

"मी कशाला ओढू?"

"डावा हात खिडकीबाहेर काढ. दिसू दे मला."

हात बाहेर आला, पाचही बोटे हलवून दाखवली गेली. "हा घ्या. ज्योतिषी झालात की काय?"

दांडा पुढे. सेल्फ. दांडा मागे.

मिस्त्रीच्या मनात संशय पक्का झाला. दीर आणि भावजय मिळून आपल्याला खेळवत आहेत. त्याने पक्कड घेतली, तार दांड्यापासून सोडवली आणि बाजूला टाकून दिली. आता केबिनमधून कोणी काहीही ओढले तरी दांड्याला ते कळणार नव्हते.

"आता मार..."

तार बाजूला लोंबत होती. दांडा मागे आला.

त्याने दांड्यावर अंगठा रोवून धरला. पलीकडून दाब आला. तो यंत्राचा दाब नव्हता. यंत्र ओळखण्यात त्याचा जन्म गेला होता. झटका नाही, घाई नाही. माणूस बोटाने बोट बाजूला सारतो तसा, समजुतीने, त्याचा अंगठा मागे सारला जात होता. ऊन इंजिनावर पडले होते, तरी लोखंड विहिरीच्या तळाच्या दगडासारखे गार लागले.

त्याने हात काढून घेतला आणि तो केबिनच्या सावलीत सरकला.

"घाम फुटला तुम्हाला," वहिनी पायरीवरूनच म्हणाली.

"ऊन आहे."

"सावलीत उभे आहात."

 वहिनीने दाभण ताडपत्रीत रोवून ठेवली. "परवा धाकट्यानं सेल्फ मारला तेव्हा मी इथंच उभी होते. मला वाटलं, हिला चालायचं नाही असं नाही. ही कुणाची तरी वाट बघतेय. म्हणून तुम्हाला बोलावलं. दुसरं मला काही ठाऊक नाही, मिस्त्री. ठाऊक असतं तर आठ महिने खाली मान घालून चालले नसते."

म्हणजे तिला काहीच ठाऊक नव्हते. अजूनही पेटी उचलून जाता आले असते. पण उद्या धाकटा नाही तर परवा दुसरा कोणी, चौकातला मिस्त्री बोलावणार. आणि ती अशीच पायरीवर बसून राहणार.

"वहिनी... त्या दिवशी तो नट..." त्याने पक्कड पेटीत ठेवली. "कदाचित थोडा सैल राहिला असेल."

धाकट्याचा हात चावीवरच होता. त्याने ती फिरवली. इंजिन एकदा धडधडले, दोन ठोके पकडले, काळा धूर सोडला आणि मेले.

धाकट्याने चावीवरचा हात काढला.

"कदाचित?" वहिनीने विचारले.

मिस्त्रीने बॉनेटच्या कडेला धरले. "कदाचित नाही. मी आवळलाच नव्हता. ठिपका आधी दिला. प्रार्थनेला गेलो. आणि चौकशीत खोटं बोललो. तो प्यालेला नव्हता, त्याचा काहीएक दोष नव्हता. दोष माझा."

या वेळी चावी कोणी फिरवली नाही. धाकटा केबिनमधून उडी मारून खाली आला होता, पांढराफटक. दांडा आपोआप पुढे सरकला, सेल्फ फिरला आणि इंजिन पकडले. ठोका सरळ, एकसारखा.

वहिनी उठली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. "हे त्या अधिकाऱ्यासमोर सांगाल?"

"सांगेन."

"केव्हा?"

"उद्या सकाळी उठून..."

इंजिनाचा ठोका खाली आला. गचके बसू लागले. बॉनेट थरथरले.

"आत्ता," मिस्त्री म्हणाला. "आत्ताच सांगेन."

ठोका पुन्हा सरळ झाला.

"कचेरी पाचला बंद होते," वहिनी म्हणाली. तिने ताडपत्री घडी करून पायरीवर ठेवली. धाकट्याला फाटक उघडायला सांगितले. मिस्त्री आधी चढला आणि मधल्या जागेवर बसला. वहिनी त्याच्या मागून चढून खिडकीपाशी बसली आणि तिने दार ओढून घेतले. चालवायची जागा धाकट्यासाठी रिकामी होती.

समोर काचेतून धाकटा दिसत होता. त्याने फाटकाची दोन्ही दारे उघडली आणि तो तिथेच, वीस पावलांवर, दारालगत उभा राहिला. यायला निघाला नाही. ट्रककडे बघत होता, आणि त्याचे तोंड उघडे होते.

उजवीकडचे दार बंद झाल्याचा आवाज आला. रिकाम्या सीटची स्प्रिंग करकरली आणि गादी दबत दबत खाली गेली. खाली क्लचचा पेडल सावकाश आत शिरला.

मिस्त्रीला ओरडता आले नाही. वहिनी समोर रस्त्याकडे बघत होती. पदर सारखा करून, रोजच्या आवाजात ती म्हणाली, "जरा इकडे सरका, मिस्त्री. गिअर टाकताना त्यांचं कोपर लागतं."