पुढच्या सीटचा पट्टा

हे मी कोणाला सांगायचं नव्हतं. संजनावहिनीच्या हातावर हात ठेवून मी तसं कबूल केलं होतं. पण या सगळ्यात मी जेव्हा जेव्हा गप्प राहिले, तेव्हा तेव्हा काहीतरी वाईट झालं. म्हणून भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. दिवेलागण झाली आहे, टेबलावरचा दिवा लावला आहे, आई स्वयंपाकघरात आहे. तुम्ही समोर बसला आहात असं समजते, म्हणजे मला जमेल.

सुरुवात अगदी साधी होती. जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मी आणि शेखरदादा चांदवडजवळच्या एका गावात जुनी गाडी बघायला गेलो होतो.

दादा इथे नाशिकला, अंबडच्या एका कंपनीत आहे. त्याला लहानपणापासून एकच वेड, जमिनीला टेकल्यासारखी बसकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार. नवी घेणं आमच्यासारख्यांना शक्यच नव्हतं. मग मोबाइलवर ही दिसली. बारा वर्षांची, परदेशी बनावटीची, गडद निळी.

"अरे, मे महिन्यात लग्न आहे तुझं," आई म्हणाली होती. "चार माणसं बसतील अशी घे."

"माणसं बसवायला रिक्षा आहे ना, आई," दादा म्हणाला.

गाडी कांदा साठवायच्या चाळीशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मालकाचं नाव सोमनाथ. तिशीचा असेल. बोलायला गोड, पण शेडच्या आत काही तो आला नाही. उन्हातच उभा राहून म्हणाला, "बघा भाऊ निवांत. काय झाकपाक नाय आपल्याकडं."

दादाने कामं वाटून घेतली. इंजिन, टायर, कागद त्याच्याकडे. आतली तपासणी माझ्याकडे. "योगिनी म्हणजे आमचा सीसीटीव्ही आहे," तो सोमनाथला म्हणाला. "बोलत काही नाही, पण सुटत काही नाही हिच्या नजरेतून."

काय काय बघायचं ते त्याने मला आदल्या दिवशीच शिकवलं होतं. पायाखालचा गालिचा उचलायचा. वास घ्यायचा. आणि सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून काढायचा. गाडी पाण्यात बुडालेली असेल तर माणसं सगळं धुतात, बदलतात, पण पट्ट्याचं आत गुंडाळलेलं शेवटचं टोक विसरतात. तिथे गाळाची रेघ राहते.

गालिचा नवा होता. सीटचं कापड नवं होतं. वास सुगंधी फवाऱ्याचा. ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा नवा कोरा होता. मग मी पलीकडच्या, शेजारच्या माणसाच्या सीटवर बसले आणि तिथला पट्टा ओढायला लागले. हातभर आला, दोन हात आला. मग जड झाला. मी दोन्ही हातांनी ओढला.

शेवटच्या वीतभर भागावर राखाडी गाळ वाळून बसला होता. त्या गाळाखाली पट्ट्याची वीण उसवलेली होती, चार रेघा, जवळजवळ, एकाच दिशेने. पुन्हा चार. पुन्हा चार. नखांनी ओरबाडल्यासारख्या. आणि एका रेघेच्या टोकाला विणीत काहीतरी अडकलं होतं. मी वाकून पाहिलं. तुटलेल्या नखाचा तुकडा होता. त्यावर फिकट गुलाबी नेलपॉलिश होतं.

मी हात सोडला. पट्टा सर्रकन आत गेला. पट्टे जातात तसा नाही. आतून कोणीतरी ओढून घ्यावा तसा.

"काय गं, पट्टा कसा आहे?" दादाने बॉनेटमागून विचारलं.

इथे मला खरं लिहायचं आहे. मी घाबरले होते, पण म्हणून गप्प बसले असं नाही. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर शाळेचं फाटक आलं. तीन वर्षं त्या शाळेत असून निम्म्या वर्गाला माझं नाव माहीत नाही. या गाडीतून मी फाटकापाशी उतरले असते तर... मला ती गाडी दादापेक्षाही जास्त हवी होती.

"चांगला आहे," मी म्हणाले.

तेवढ्यावर व्यवहार ठरला. दादा आणि सोमनाथ ओट्यावर कागदांवर सह्या करत बसले. सोमनाथच्या आईने मला पाणी प्यायला आत बोलावलं. मंगलाबाई त्यांचं नाव. पितळी तांब्या हातात देताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"तू वढून बघितला ना पट्टा? मी खिडकीतून बघत व्हते."

मी मान हलवली.

"आन तरी बोलली नाय." त्यांचे डोळे भरून आले. "लय बरं केलं, पोरी. समदं बदललं आमच्या सोमानं. तेवढा पट्टा राहिला. गॅरेजवाला हात लावंना त्याला."

"कोण होतं... त्या सीटवर?"

"माझी मैना. तुझ्याहून दोन वर्सांनी थोरली आसंल. भाऊ गाडी शिकत व्हता, ही हौसेनं पुढं बसली. कालव्यात गेली गाडी. सोमा निघाला भायेर. हिचा पट्टा सुटला नाय." बाहेर दादा कशावर तरी मोठ्याने हसला. "तिन्हीसांजंला शेडातून हाक येती... सोमाला. त्यो जात नाय. तुम्ही न्या गाडी. तुमाला कुठं वळखती ती?"

ओट्यावर येऊन मी दादाला सांगू शकले असते. किल्ली अजून सोमनाथच्या हातात होती. मी चपला घातल्या, बक्कल लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. तोवर किल्ली दादाच्या हातात आली.

घरी आईने गाडीला हळदकुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली, शेजारची मुलं फोटो काढून गेली. सोमवारी दादाने मला शाळेत सोडलं. फाटकापाशी सगळ्या मुली वळून बघायला लागल्या. मी उतरले तेव्हा माझे कान तापले होते. पुढच्या बाकावर बसणारी एक मुलगी, जी माझ्याशी कधीच बोलत नाही, ती धावत आली.

"भारी गाडी आहे गं! पण असं मांडीवर घेऊन बसतात का कोणाला? पोलिसाने पकडलं असतं ना."

"कोणाला?"

"तीच गं, लांब केसांची. कुठे गेली?" ती माझ्यामागे बघायला लागली.

गाडी तर केव्हाच वळून निघून गेली होती.

त्या दिवसापासून मी एक ठरवलं. त्या सीटवर दुसऱ्या कोणाला बसू द्यायचं नाही. खोटं मी बोलले होते, तेव्हा तिथे मीच बसायचं. दादा दूध आणायला निघाला तरी मी धावत जाऊन पुढे बसायचे. आई म्हणायची, "या पोरीला गाडीचं खूळ लागलंय. उद्या सासरी पण हीच गाडी माग." मी हसायचे. बसलं की पट्टा हळूहळू आवळायचा. टिक्... मग थोडं थांबून पुन्हा टिक्. दादा म्हणाला, काही गाड्यांत असतंच तसं. पण पाय थंड पडायचे, आधी पावलं, मग घोटे, आणि साचलेल्या पाण्याचा, शेवाळाचा वास यायचा. घरी येऊन बघितलं की खांद्यावर तिरका लाल वळ असायचा. मी फ्रॉकऐवजी पूर्ण बाह्यांचे कुडते घालायला लागले. कोणी विचारलं नाही.

मग गेल्या रविवारी संजनावहिनी आली.

वहिनी ओझरची. लग्न व्हायचं आहे, पण मी तिला आतापासूनच वहिनी म्हणते. ती मला आवडते, कारण ती बोलते आणि मला बोलावं लागत नाही. दादा तिला गंगापूर धरणाकडे फिरवून आणणार होता. मी आधीच जाऊन पुढे बसले होते.

"योगिनी, ऊठ तिथून," आई गॅलरीतून ओरडली. "वहिनीला पुढे बसू दे. अक्कल आहे का नाही?"

"मला मागे मळमळतं," मी म्हणाले.

"अहो, बसू द्या तिला," वहिनी म्हणाली. "मी मागे बसते पाय दुमडून. हिच्या लग्नात वसूल करीन."

पण दादाचा चेहरा पडला. तो म्हणाला, "योगिनी, प्लीज. आजचा दिवस." त्याने माझ्याकडे आजवर काही मागितलेलं नव्हतं.

मी उठले. मागच्या सीटा नावालाच होत्या. तिथे अंग चोरून बसले आणि वहिनीच्या खांद्यावरून पट्टा खाली येताना बघत राहिले. खटकन लागला. मनात म्हटलं, आता सांगते. सोमेश्वरचं देऊळ गेलं, आता सांगते. धरण आलं, त्यांनी फोटो काढले, कणसं खाल्ली. परतताना सांगते.

परतताना दादाने कालव्याकडेचा रस्ता घेतला. मुख्य रस्त्यावर गर्दी होती म्हणून. सूर्य बुडून गेला होता, द्राक्षबागांवर धूसर उजेड राहिला होता. उजवीकडे पाणी, काठोकाठ, काळसर, अजिबात आवाज न करता चाललेलं.

वहिनी लग्नाच्या हॉलबद्दल बोलत होती. "मामा म्हणतात, डीजे नको, पण माझ्या मैत्रिणी म्हणतात..." आणि ती थांबली.

टिक्.

"शेखर, हा पट्टा जरा..."

टिक्.

गाडीत तो वास भरला. या वेळी माझ्याही पायांशी गार लागलं, मागे. वहिनीने दोन्ही हातांनी पट्टा धरला. पाठीमागून मला तिचे केस दिसत होते. आणि सीटच्या कडेवर, तिच्या खांद्याजवळ, चार बोटं दिसत होती. वहिनीचे दोन्ही हात पट्ट्यावर होते.

"शेखर... सुटत नाहीये..." ती अगदी हळू म्हणाली. "श्वास... थांबव ना..."

"थांबवतोय!" दादाचा आवाज फाटला. "ब्रेक लागत नाहीये... स्टिअरिंग... संजना, हात काढ स्टिअरिंगवरून!"

"मी नाही धरलंय..."

गाडी मुरूम उडवत पाण्याकडे सरकत होती. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. वर्गात उभं केल्यावर येत नाही तसाच. एवढी साधी गोष्ट, दोन वाक्यं. वहिनीचं डोकं एका बाजूला कलंडायला लागलं. तेव्हा कुठून तरी आवाज फुटला.

"मी बघितलं होतं! दादा, पट्ट्यावर गाळ होता, नखं होती, मैना बुडाली या सीटवर, मला माहीत होतं! मी खोटं बोलले! मी खोटं बोलले!"

खट्.

पट्टा सुटला. गाडी गचका खाऊन थांबली. उजवं पुढचं चाक कालव्याच्या काठावरून अर्धं बाहेर होतं.

दादाने वहिनीला उचलून बाहेर काढलं, पाणी पाजलं. मग तो माझ्याशी एक शब्द न बोलता परत गेला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि तो पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. मला जवळ बोलावून दाखवला. स्वच्छ होता. एक धागा उसवलेला नव्हता.

"हे काय बोललीस तू मगाशी?" तो म्हणाला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसा बघत होता.

घरी आईला एवढंच सांगितलं की गाडी घसरली. तेव्हापासून गाडी गपगार आहे. दादा रोज चालवतो. काही आवळत नाही, कसलाही वास येत नाही. त्याने मुद्दाम त्या सीटवर मित्राला बसवून पार त्र्यंबकपर्यंत नेऊन आणलं.

चार दिवसांपूर्वी वहिनी मला एकटीला भेटायला आली. नेहमीसारखी बोलत नव्हती. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या आड मला घेऊन गेली.

"माझा विश्वास आहे तुझ्यावर," ती म्हणाली. "मला ऐकू आलं होतं."

"काय?"

"तू ओरडलीस ना, तेव्हा माझ्या कानाशी कोणीतरी बोललं. मुलीचा आवाज. गार... ती म्हणाली, 'कोण हाय ती? तिला म्हाईत व्हतं?'" वहिनीने माझे हात घट्ट धरले. तिचे तळवे ओले होते. "योगिनी, मला श्वास घेता येत नव्हता गं. मला फक्त सुटायचं होतं. मी... मी तुझं नाव सांगितलं. कुठे राहतेस तेही सांगितलं. आणि मग पट्टा सुटला."

खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"शेखरला नको सांगूस," ती शेवटी म्हणाली. "कोणालाच नको. तो मला काय म्हणेल?"

मी कबूल केलं. तिच्यावर रागवायचा मला काय हक्क? तिने जे पाण्याच्या काठावर केलं, ते मी भर दुपारी, कोणी गळा आवळलेला नसताना केलं होतं. मंगलाबाई म्हणाल्या होत्या, तुम्हाला कुठे ओळखते ती. आता ओळखते.

चार दिवस काहीच झालं नाही. म्हणूनच मी लिहायला बसले. वाटलं, कागदावर उतरवलं की उद्या दादासमोर ठेवीन, तो वाचेल, आणि निदान वहिनीला तरी

आई हाक मारते आहे.

"योगिनी! अगं, कानात बोळे घातलेस का? तुझी ही मैत्रीण केव्हाची जिन्यात उभी आहे. बाहेर पावसाचा थेंब नाही आणि ही पोर नखशिखांत भिजलीय. टॉवेल घेऊन ये आधी. थांब हं बाळा, जाळीचं दार उघडते..."

मी आईला ओरडून सांगायला हवं, आत्ता, या क्षणी, की आई, ते दार