कहव्याची किटली

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं. पाऊस नाही, वारा नाही. माडाची झावळीसुद्धा हलत नव्हती. असल्या दिवशी समुद्राचा वास घरात येऊन बसतो. पण मिऱ्या गावातल्या आमच्या घरात वास येत होता कहव्याचा, आणि चूल तर पेटलेली नव्हती.

पहिल्यापासून सांगतो. एक्क्याऐंशी साली मी मस्कतला लाँचीवर कामाला गेलो. गेल्या गेल्या फजिती. शेठच्या घरी चिमुकल्या पेल्यातून कहवा, म्हणजे तिकडची बिनदुधाची कॉफी, दिला. मी संपवला की नोकर पुन्हा ओती. नको म्हणायला भाषा येईना, टाकणं बरं दिसेना. पोट डबडबलं तेव्हा शेजारच्यानं माझा हात धरून दाखवलं: पेला असा डावीउजवीकडे हलवायचा, म्हणजे पुरे. सगळे हसले, मीही हसलो.

दुसरी फजिती माझी मीच केली. राहत्या खोलीत एका दुपारी एकटा जेवत होतो. दारात एक म्हातारा उभा. पांढरा झगा, पाय ओले. जेवताना कुणी दिसलं की आपण म्हणतोच, तसं तोंडातून गेलं, "या जेवायला." आपल्याकडचा माणूस "होऊ द्या" म्हणून वाटेला लागतो. हा आत येऊन समोर बसला. त्याला मराठी कशी कळली, हे मला तेव्हा सुचलंच नाही. मुकाट जेवला, आणि जाताना लांब चोचीची एक पितळी किटली ठेवून गेला. सोबत्यांना विचारलं, तर असा म्हातारा कुणी पाहिलेला नव्हता.

ती किटली मी अत्तर, टॉर्चबरोबर हौसेनं घरी आणली. तेव्हापासून तिन्हीसांजेला दारापासून चुलीपर्यंत ओली पावलं उमटू लागली.

त्या मळभाच्या दिवशी बायकोनं, ठमानं, बोचकं बांधलंन. "तो ओल्या पायांचा तरी राहील नाय तर मी. उद्या मालगुंडला भावाकडं जाते."

परमुलखात एकट्यानं पुष्कळ जेवलो होतो. पुन्हा तसं जेवण नको होतं.

"किटली समुद्रात टाकतो," मी म्हटलं.

"आणि पाहुणा? जेवायला तुम्ही बोलावलात. आता नीट वाढा नि वाटेला लावा."

दिवे लागल्यावर पाट मांडला. केळीच्या पानावर भात, बांगड्याचं कालवण. बाजूला पेला. किटली आपोआपच भरलेली होती, तिच्यातून कहवा ओतला. बघता बघता पेला रिकामा झाला. पुन्हा ओतला. पुन्हा रिकामा. किटली काही हलकी होईना.

ठमानं पदर तोंडाशी धरला होता. "अहो… ह्याला पुरे म्हणजे कधी…"

आणि पेला जागच्या जागी हलला. डावीकडे… उजवीकडे… थांबला.

"पुरे झालं त्याला," मी हळूच म्हटलं. ठमाला एकदम हसू फुटलं. ओली पावलं दारातून अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत गेली, पुढं दिसेनात. वासही गेला.

ठमानं बोचकं सोडलंन. आम्ही दोघं पोटभर जेवलो. तिनं दोनदा कालवण घेतलंन. हात धुवायला अंगणात आलो, तर शेजारचा भागोजी गडग्यापाशी उभा. आवाज अगदी खाली.

"गंगारामदादा, तुमच्याकडनं एक म्हातारा बाहेर पडला. मी जेवत होतो, सहज म्हटलं, या जेवायला… तर आत येऊन बसलाय ओ. पण आज पावसाचा थेंब नाय, मग त्याचे पाय ओले कसे…?"