अदलाबदल झालेला आठवडा

“करिष्मा, रोज पहाटे चार किलोमीटर पळतेस? छान! मग सकाळची एक गोळी कमी करून पाहू.”

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं, तशी करिष्मा घाबरली. चिखलीच्या शाळेत चित्रकला शिकवणारी ही मुलगी एसटीसाठीसुद्धा कधी धावली नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिच्या मेंदूतल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून अंगात बळ ठेवणारं हार्मोन गोळ्यांतून घ्यायचं, पावलं, नाडी, ताप, झोप टिपणारा पट्टा मनगटावर बांधायचा, अन् दर गुरुवारी बुलढाण्याच्या दवाखान्यात येऊन तो दाखवायचा.

“मॅडम… पळणारा मी आहे,” दारातून आवाज आला. उंच, सावळा, काखेत पाण्याची भलीमोठी बाटली. “मागच्या गुरुवारी इथं चार्जिंगला लावलेले आमचे पट्टे अदलाबदल झाले वाटते.”

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. गोळी तशीच राहिली.

बाहेर बाकावर त्याने नाव सांगितलं, प्रसेनजित. वाचनालयात कामाला होता.

“तुम्ही लय झोपता बाप्पा! आत्ता सिस्टर मले विचारत होत्या, नोकरी सोडली का म्हणून.”

करिष्माला हसू आवरेना. “अन् तुमच्या पट्ट्यात दिसलं, तुम्ही रात्रीतून चार-चारदा उठता. काऊन?”

“पाणी प्यायले. ग्रंथी तीच, बिघाड निराळा. माह्या अंगात पाणी ठरतच नाही.”

इतकं सरळ सांगता येतं? ती त्याच्याकडे बघतच राहिली.

मग गुरुवार लवकर येऊ लागले. थंडीतलं धुकं, स्टँडवरचा आल्याचा चहा, अन् तीनची गाडी मुद्दाम सोडून चारची धरणं… दोघांपैकी कोणीच त्याबद्दल बोलत नव्हतं.

एका गुरुवारी मात्र तिचा चहा तसाच निवत होता.

“रविवारी पाहुणे येऊन राह्यले. जळगाव जामोदचे. आई म्हणते, पट्टा काढून ठेव, गोळ्यांचं लग्नानंतर सांगू.”

“अन् तुम्ही काय म्हणता?”

“एक दिवस गोळ्या चुकल्या तर मी आडवी होते. ज्याले हे माहीत नाही, त्याच्या घरी कशी नांदू?”

प्रसेनजितने बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं.

“मले माहीत आहे… तुमच्या गोळ्यांच्या वेळा. ताप आला तर किती वाढवायच्या, तेही.”

“मग?”

“मग… मी आईले घेऊन येऊ? शनिवारी?”

“दोन पेशंटचा संसार? लोक हसतील.”

“हसू द्या ना. तुम्ही काय म्हणता ते सांगा.”

गाडी लागली होती. कंडक्टरने घंटी दिली. पायरीवर चढून तिने मागे पाहिलं अन् मान डोलावली — एकदाच, पण चांगली ठळक.

चिखली येईपर्यंत तिला धीर धरवला नाही. तिने आईला फोन लावला. रविवारच्या पाहुण्यांना नकार कळव म्हणाली, शनिवारी प्रसेनजित येणार तेही सांगितलं.

आई हलक्या आवाजात म्हणाली, “पोरात काही दोष तर नाही ना? नीट विचारून घे बाई. लोक लपवतात हो!”

“आहे ना, आई. पहिल्याच दिवशी सांगितला त्यानं.”

करिष्माने फोन कानाशी घट्ट धरला.

“…बरं,” आई म्हणाली, “शनिवारी किती जण येतील जेवायले?”