आनंदीमावशी अंग चोरून जायची

तिखटमीठ लावून सांगायची मला सवय आहे, घरातलं कुणीही सांगेल. पण यात मी चिमूटभरही घातलेलं नाही. माझ्या मावसभावाच्या, अपूर्वच्या घरी हे खरंच घडलं.

साल २००८. देवरूख. दिवाळी नुकतीच झालेली.

मंदीत मुंबईची नोकरी गेली आणि अपूर्व घरी येऊन बसला. त्याचे वडील, हरिहरकाका, वैशाखातच गेलेले. घरात तो आणि आनंदीमावशी, दोघंच. अशात बंगळूरच्या एका कंपनीने त्याला मुलाखतीला बोलावलं. मुलाखत लॅपटॉपवर. साहेब परदेशी, म्हणून वेळ संध्याकाळी सातची. ही नोकरी हुकली असती तर दुसरं काहीच हाताशी नव्हतं.

आणि घरातलं वायरलेस नेट टिकेना.

दिवसभर ठणठणीत चालायचं. दिवेलागणीला मात्र... गायब.

राउटर माजघरात, फोनपाशी. अपूर्व बाहेरच्या खोलीत. मधे एकच दार. त्याने राउटर बंद-चालू केला, चॅनल बदलला, ड्रायव्हर नव्याने टाकला. अँटेना तर फिरवून फिरवून खिळखिळी केली. शेवटी रत्नागिरीला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेल्या दीपकला, जुन्या वर्गमित्राला, फोन लावला.

"मधे कोन उभा ऱ्हातोय काय बघ," दीपक म्हणाला. "मानसाच्या अंगात पानीच जास्त. सिग्नल खातो तो."

अपूर्व हसला. मधे कोण उभं राहणार?

त्या संध्याकाळी तो सिग्नलच्या काड्यांवर डोळे लावून बसला. मावशी निरांजन घेऊन तुळशीकडे निघाली. दारात आली आणि...

अंग चोरून, चौकटीला घासून बाहेर पडली. कुणाला धक्का लागू नये म्हणून आपण जातो, तशी.

दार चांगलं ऐसपैस होतं. दारात कुणीच नव्हतं.

काडी... एकही नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाखत. अपूर्वने टेबल उचलून माजघरात, राउटरच्या समोरच मांडलं. सात वाजत आले तरी सिग्नल झकास. मावशी दारातून सरळ आत आली. अपूर्वचा जीव भांड्यात पडला.

मग ती राउटर आणि टेबल यांच्यामधून देवापाशी गेली...

अंग चोरून.

पडद्यावरची शेवटची काडी गेली. आणि अगदी जवळून... कुणीतरी घसा खाकरला.

हरिहरकाका बोलण्याआधी असंच करायचे.

"आई, तू अशी का चालतेस?"

मावशीला प्रश्नच कळला नाही. "तुझे बाबा उभे असतात रे तिथं. धक्का नको लागायला." मग जरा थांबून म्हणाली, "मला वाटलं, तुलाही दिसतात."

अपूर्वला काकांचा दहावा आठवला. नदीकाठी पिंड ठेवलेला, झाडावर कावळे भरपूर, पण एकही शिवेना. बाग सांभाळू, देवाचं करू, सगळं सांगून झालं. शेवटी अपूर्वने हात जोडले आणि आईला एकटी टाकून कुठे जाणार नाही, असा शब्द दिला. त्याचं वाक्य पुरं होतंय तोच कावळ्याने झडप घातली. मी शेजारीच उभा होतो, मी पाहिलंय.

आणि बंगळूरला तो एकटाच जाणार होता. मावशीला त्याने अजून सांगितलंही नव्हतं.

राउटरपुढच्या रिकाम्या जागेकडे बघत तो कसाबसा म्हणाला, "बाबा, आईला बरोबर नेईन. एकटी नाही ठेवणार."

काहीच नाही.

मग... एक काडी. मग सगळ्या.

मुलाखत न तुटता झाली. नोकरी मिळाली. थोड्याच दिवसांत दोघं बंगळूरला गेली आणि देवरूखच्या घराला कुलूप लागलं.

पुढच्या वर्षी मी त्यांच्याकडे गेलो. नवाकोरा फ्लॅट, नेट एकदम जोरात. मी सोफ्यावर बसून माझ्या लॅपटॉपवर मेल बघत होतो. दिवेलागण झाली. मावशी दिवा लावून आतून आली. माझ्यासमोर भरपूर मोकळी जागा होती...

ती अंग चोरून गेली.

माझं उघडत असलेलं पान अडकलं. मी अपूर्वकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"जरा सरकून बस," तो हळूच म्हणाला.

मी सरकलो. अजूनही त्यांच्याकडे गेलो की मी सोफ्याच्या कडेलाच बसतो.