जिवतीच्या ठशातली मोकळी जागा

आमच्या घरी जिवतीचा कागद बाजारातून आणत नाहीत. श्रावण जवळ आला की कल्याणच्या बाजारात मुंबईच्या छापखान्यातले कागद टांगलेले दिसतात, रंगीत, सुबक. पण सासूबाईंना ते चालत नाहीत. "छापखान्यातल्या जिवतीला आपली पोरं काय ठाऊक?" त्या म्हणतात. "ती कुणाच्या लेकरांना मांडीवर घेऊन बसलीय, देव जाणे!"

म्हणून आमच्याकडे प्रत्येक सुनेचा स्वतःचा ठसा असतो. शिवणीच्या लाकडाची वीतभर फळी. पहिलं मूल झालं की सासू त्यावर जिवती कोरून देते, मांडी घातलेली, पदर दोन्ही अंगांना पसरलेला. मुलं मात्र आईनं आपल्या हातानं कोरायची, आणि हयात असतील तेवढीच. लहान चाकू नि नखं काढायची नराणी, एवढ्यावर काम भागतं. समईच्या ज्योतीवर मातीचा परळ धरून काजळी जमवायची, डिंकाच्या पाण्यात खलायची, चिंधीच्या बोळ्यानं ठशावर थापायची. वर ओलसर कागद पसरून कवडीच्या पाठीनं हलके हलके घोटायचं. कागद उचलताना चर्र आवाज होतो आणि उलटं कोरलेलं सगळं सुलटं होऊन समोर येतं. दर शुक्रवारी नवा कागद, जुना तळ्यात सोडायचा.

शेवंती झाली तेव्हा मी तिला जिवतीच्या पदराशी उभी कोरली होती, पदराचं टोक मुठीत धरून. गेल्या वर्षीच्या श्रावणात ती चार वर्षांची होती. काजळीत बोटं बुडवून तिनं दाराच्या चौकटीवर ठसे उठवले. विळीनं कापलं होतं तेव्हाची मधल्या बोटावरची आडवी चीर, तीसुद्धा स्पष्ट उमटली. मी रागे भरले, तर म्हणाली, "मी पण छापते की गं!"

हरिहर तेव्हा पोटात होता. शेवंतीनं आधीच ठरवून टाकलं होतं की भाऊच होणार. "तो चालायला लागला ना, की मी त्याचा हात धरून शेणाळ्यावर नेणार. कमळं दाखवायला." शेणाळे तळं आमच्या मागल्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहे.

माघात तिला गोवर आला. हरिहरला शेजारच्या गोदाकडे ठेवलं होतं, ती बिचारी आपल्या लेकाबरोबर त्यालाही पाजत होती. शेवंती तापात सारखी विचारायची, "भाऊ चालायला लागला का गं?" मी म्हणायचे, "नाही गं, अजून नाही." मग ती डोळे मिटायची. एकदा मिटले ते मिटलेच.

आषाढ सरता सरता सासूबाईंनी माझा ठसा पेटीतून काढून पुढे ठेवला. शेजारी त्यांचा स्वतःचाही ठेवला. तो मी पहिल्यांदाच नीट पाहिला. जिवतीच्या मांडीवर एकच मूल होतं, ती इकडची, म्हणजे त्यांच्या एकुलत्या लेकाची, आकृती. भोवती मात्र गुळगुळीत खळगेच खळगे. बोट फिरवलं तर मऊ लागायचे.

"लक्ष्मी, आता काढायला हवं गं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही काढाल का?"

"हात आईचाच लागतो, बाळा."

मी आधी मांडीवर हरिहरला कोरलं, आणि मग पदराशी वळले. नराणी लागताच लाकूड इतकं सहज निघालं की जणू वाटच बघत होतं. मूठ शेवटी काढली. त्या जागी खळगा राहिला.

पहिल्या शुक्रवारी कागद स्वच्छ उठला. मांडीवर बाळ, पदराशी पांढरी जागा. गोदालाही सासूबाईंनी ठसा कोरून दिला होता; ती आपला कागद छापायला आमच्याकडेच बसली होती. "तुझी जिवती गं लक्ष्मी, अगदी माझ्या सासूसारखी! बघ कशी डोळे वटारून बसलीय," ती म्हणाली, तेव्हा माघानंतर पहिल्यांदा मला हसू आलं.

पूजा झाली. आघाडा-दुर्वांची माळ घातली, पुरणाच्या दिव्यांनी हरिहरला ओवाळलं. जी लेकरं घरी नसतात त्यांच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकायची रीत आहे. इकडची नोकरी ठाण्याच्या कचेरीत, पावसाळ्यात तिथेच राहणं होई. सासूबाईंनी अक्षता टाकल्या. "जिथं असशील तिथं सुखी अस रे बाबा," म्हणाल्या.

माझ्या मुठीत चार दाणे उरले होते. मी ते मागल्या दाराकडे टाकले आणि मनात म्हटलं, शेवंते, घरी ये.

दुसऱ्या शुक्रवारी कागद उचलला, तर पांढऱ्या जागी धुरकट डाग. खळग्यात काजळी साचली असेल, म्हणून ठसा पुसला, चिंधीचं टोक खळग्यात फिरवून फिरवून कोरडा केला, दुसरा कागद घेतला. पुन्हा डाग. त्याच ठिकाणी, तेवढ्याच उंचीचा. गोदाचा कागद त्याच काजळीतला, त्याच कवडीनं घोटलेला, आणि तो निर्मळ होता.

"हवा ओली आहे," गोदा म्हणाली. "कागदाला ओल आलीय."

मलाही तसंच वाटलं. पण तो डाग बघून माझ्या छातीत दूध दाटून आलं, हे तिला सांगितलं नाही. कागद भिंतीला लावताना मी त्याच्यावरून हात फिरवला. आणि अक्षता पुन्हा मागल्या दाराकडे टाकल्या. ये गं, म्हटलं.

त्या आठवड्यात हरिहर पाळण्यात एकटाच खिदळायचा. कुणी तोंडावर पदर घेऊन 'भोऽक्' करावं, तसा मध्येच दचकून, मग खळखळून. मी पाळण्याशी गेले की गप्प होई, आणि माझ्या बाजूला, जरा खाली बघत राही. चार वर्षांच्या पोरीचं तोंड जिथं येईल, तेवढं खाली.

तिसऱ्या शुक्रवारी मी ठसा उन्हाची तिरीप येत होती तिथे नेऊन पाहिला. खळगा स्वच्छ होता. काजळी अगदी बेतानं लावली.

कागद उचलला.

डाग आता पदराशी नव्हता. तो मांडीजवळ सरकला होता, आणि त्याला परकराचा घेर होता. एक हात लांब करून तिनं मांडीवरच्या बाळाचं पाऊल धरलं होतं.

मी कागद तसाच भिंतीला लावला. मग हरिहरला घ्यायला उठले. तो तापानं फणफणला होता.

वैद्य आले. "दात येताहेत," म्हणाले. त्यांनी मात्रा उगाळून दिली. ती त्याच्या पोटात ठरेना. दुसरे दिवशी तो अंगावरही पिईना. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हता. एक पाऊल तेवढं सारखं झटकत होता, कुणी ओढत असावं तसं.

सासूबाई भिंतीवरच्या कागदापुढे किती तरी वेळ उभ्या होत्या. वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"अक्षता टाकताना काय म्हणालीस?"

मी सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. माझ्याजवळ येऊन बसल्या, माझं डोकं मांडीवर घेतलं. "मीही एकदा बोलावलं होतं गं," एवढंच म्हणाल्या. कुणाला, ते मी विचारलं नाही. त्यांच्या ठशावरचे खळगे मला आठवले.

चौथ्या शुक्रवारपर्यंत हरिहर चिंधीसारखा झाला होता. गोदा त्याला घेऊन बसली. मी काजळी खलली. छापलेला कागद उचलून पाहिलाच नाही, पालथाच पाटावर ठेवला.

अक्षता घेतल्या.

मागल्या दाराकडे तोंड केलं. तिथं कुणी नव्हतं. उंबऱ्यापलीकडे ओलं अंगण आणि पलीकडे तळं.

"शेवंते," मी मोठ्यानं म्हटलं. "जिथं आहेस तिथंच राहा, बाळ. इथं येऊ नकोस. सुखी राहा."

आईच्या तोंडून असं निघू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

अक्षता टाकल्या. त्या उंबऱ्यावर पडल्याचा आवाज आला, इतकं शांत होतं.

"अगं बाई," गोदा मागून म्हणाली, "घाम आला की याला!"

कागद सुलटा केला. पदराशी पांढरी जागा, मांडीवर बाळ. बाकी काही नाही.

त्याच दिवशी मी भिंतीवरचा आणि हा नवा, दोन्ही कागद तळ्यात सोडले. ठसा तेलानं पुसून, फडक्यात बांधून पेटीत ठेवला. दिवाळीला घर सारवलं, चौकटीवर चुना फिरवला. शेवंतीचे ठसे त्याखाली गेले, ते मी पाहत होते, हात आवरला नाही.

हे सगळं बाळ निजलेलं असताना थोडं थोडं लिहिते आहे. आज शेवटचं लिहिते.

हरिहर कालपासून चालायला लागला. भिंत न धरता. सगळी हसली, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. इकडून गमतीनं म्हणणं झालं, "असा काय हा चालतो, तराजूसारखा?"

तो उजवा हात पोटाशी धरतो. डावा मात्र बाजूला, वर उचललेला असतो, पंजा किंचित आवळलेला. चालतो तो नेहमी मागल्या दाराच्याच दिशेनं.

आज दुपारी घरात कुणी नव्हतं. उंबऱ्याशी मी त्याला अडवून उचललं, तेव्हा त्याचा डावा हात माझ्या गालाला लागला. गाल पुसला, तर पदराला काजळी.

मी त्याची मूठ उजेडात धरली. वरच्या बाजूनं चार लहान बोटांचे ठसे होते, अजून ओले. मधल्या बोटाला आडवी चीर होती.

हरिहर माझ्या खांद्यावरून वाकून, जरा खाली बघून हसत होता.

मी त्याला खाली ठेवलं नाही. पण त्याचा हातही पुसला नाही.